इंजिन ऑइल पुन्हा पुन्हा कमी होतंय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

ऑइल कमी व्हायला तीनच वाटा आहेत. ते बाहेर गळतं, आत जळतं, किंवा मागच्या सर्व्हिसला मुळातच कमी भरलेलं असतं. चौथा प्रकार उलटा आहे. पट्टीवर (ऑइलची पातळी मोजायच्या दांडीवर) ऑइल वाढलेलं दिसतं, कारण त्यात पेट्रोल, डिझेल किंवा कूलंट मिसळत असतं. गॅरेजमध्ये ‘ऑइल पितेय’ एवढं सांगितलं की गोष्ट थेट रिंग-पिस्टनवर जाते आणि काही हजारांचं काम लाखाकडे सरकू लागतं. बऱ्याचदा दोष चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) बोल्टखालच्या वायसरात किंवा टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमध्ये निघतो. म्हणून खालचा क्रम सोडू नका.

लक्षणं

लाल ऑइल-कॅनचा दिवा गाडी चालताना लागला तर बाकीचं वाचणं नंतर. गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. हा दिवा ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो. दाब नसताना क्रँकच्या बेअरिंगवरची ऑइलची पातळ फिल्म तुटते, धातूला धातू घासतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत बेअरिंग जाऊ शकतं. ‘पुढचं गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ या हिशेबात पुष्कळ इंजिनं गेली आहेत.

बाकीची लक्षणं हळू येतात:

- घाटातल्या वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर लुकलुकतो आणि सरळ रस्त्यावर विझतो. पातळी इतकी खाली गेली आहे की ऑइल एका बाजूला सरकताच पंपाची जाळी उघडी पडते.
- इंजिन तापल्यावर फक्त आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) दिवा लुकलुकतो, रेस केलं की जातो. ऑइल पातळ झालंय, पंप किंवा बेअरिंग झिजलंय, किंवा नुसता स्विच बिघडलाय.
- सकाळी स्टार्ट करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि थोड्या वेळात थांबतो.
- चढावर किंवा ओव्हरटेक करताना निळा धूर येतो आणि चालूच राहतो.
- पार्किंगच्या फरशीवर काळा डाग, किंवा थांबल्यावर बॉनेटमधून जळकट वास. गरम सायलेन्सरच्या पाइपवर ऑइल ठिबकतंय.
- स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद वरून टकटक किंवा खडखड.
- ऑइल भरायच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर.

ऑइल काळं पडणं हे या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही दिवसांतच काजळीनं काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल मुदत संपली तरी मधासारखं सोनेरी दिसतं. सीएनजी जळताना काजळी जवळपास होत नाही, पण ऑइल उष्णतेनं आतून झिजत असतं. रंगावर भरवसा ठेवून सीएनजीवाले सर्व्हिस लांबवतात आणि तिथेच फसतात.

पहिली तपासणी: पट्टी, पण नीट

खर्च शून्य. तरीही सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

गाडी सपाट जागी उभी करा. सोसायटीच्या उतारावर किंवा एक चाक फुटपाथवर चढवून घेतलेलं माप खोटं येतं. इंजिन गरम करून बंद करा आणि किमान ५ ते १० मिनिटं थांबा. लगेच पाहिलंत तर बरंच ऑइल वरच्या भागातच अडकलेलं असतं, पट्टीवर पातळी कमी दिसते आणि तुम्ही विनाकारण भर घालता. पट्टी बाहेर काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि आडवी धरून दोन्ही बाजू पाहा. दोन्ही बाजूंत फरक असेल तर कमी असलेली बाजू खरी माना. जास्त दिसणाऱ्या बाजूला पट्टी नळीला घासून ऑइल चढलेलं असतं. काही मोजक्या गाड्यांत थंड इंजिनवर पाहायला सांगतात, त्यामुळे मॅन्युअल एकदा उघडा.

किमान आणि कमाल खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत पाऊण ते १ लिटरचं अंतर असतं. मधोमध असेल तरी चालतं. खालच्या खुणेजवळ असेल तर एका वेळी २००-२५० मिली टाका, थांबा, पुन्हा पाहा.

कमालच्या वर कधीही नको. जास्त ऑइलमध्ये क्रँक बुडून फिरतो आणि ऑइलचा फेस होतो. पंपाला फेस ओढता येत नाही, दाब पडतो, आणि ऑइल इंजिनाच्या श्वासनळीवाटे (ब्रीदर) हवेच्या नळीत जाऊन जळू लागतं. मग ‘ऑइल जळतंय’ म्हणून रिंगा बदलायला निघालेल्या गाडीत खरं दुखणं एक लिटर जादा ऑइल असतं. डिझेल गाडीत तर ओढलं गेलेलं ऑइलच इंधनासारखं जळून इंजिन आपोआप रेस होण्याचा धोका आहे. जादा झालेलं ऑइल पट्टीच्या नळीतून पातळ नळी आणि मोठी सिरिंज लावून ओढून काढता येतं.

दुसरी: वही

पातळी कमालच्या खुणेवर आणा. मीटरचा आकडा आणि तारीख लिहा. दर ५०० किलोमीटरला त्याच जागी, त्याच पद्धतीनं पाहा आणि जेवढं टाकाल तेवढं मिलीत लिहा. १,००० किलोमीटर झाले की खरा आकडा हातात येतो.

याचा उपयोग काय? ‘दर महिन्याला ऑइल टाकावं लागतं’ यावर कुठलाही मेकॅनिक निदान करू शकत नाही, पण ‘१,००० किलोमीटरला ६०० मिली’ यावर करू शकतो. काही कंपन्या आपल्या मॅन्युअलमध्ये १,००० किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा खप मान्य धरतात. वॉरंटीचे दावे टाळण्यासाठी ठेवलेली ती सैल सीमा आहे असंच समजा. व्यवहारात १०० मिलीच्या आत असेल तर विसरून जा, ३००च्या पुढे गेलं तर शोध सुरू करा, आणि आकडा दर वेळी वाढतच असेल तर घाई करा.

तिसरी: बोट, नाक आणि झाकण

पट्टीवरचं ऑइल अंगठा आणि बोटात चोळा. कचकच लागली तर धूळ किंवा धातूचा कीस आहे. पेट्रोलचा ठसठशीत वास आला आणि पातळीही वाढलेली असेल तर इंधन मिसळतंय. इंजेक्टर गळतोय, प्लग मिसफायर करतोय, किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच धावते आणि इंजिन कधी पुरतं तापतच नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेल गाड्यांत हा प्रकार जास्त दिसतो. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ करायला इंजिन अधूनमधून जादा डिझेल फवारून एक्झॉस्टचं तापमान वाढवतं. ही प्रक्रिया साधारण १५-२० मिनिटांची असते आणि शहरातल्या गाडीत ती मध्येच तुटते. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. पातळी कमालच्या वर गेली की नुसतं जादा ऑइल काढून भागत नाही, कारण उरलेलंही पातळ झालेलं असतं. सगळं बदला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला गाडी न्या.

आता झाकण. फक्त झाकणाखाली फिकट फेस आहे आणि पट्टी स्वच्छ आहे, तर पावसाळ्यातल्या छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली ती वाफ असण्याचीच शक्यता जास्त. फेस पुसा, गाडी तासभर चालवा, पुन्हा पाहा. पण पट्टीवरचं ऑइलही दुधी असेल आणि कूलंटची टाकी उतरत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) किंवा ऑइल कूलर फुटलाय. इथे थांबा, गाडी चालू करू नका. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकणही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर स्टार्टर मारण्याच्या आधी पट्टी पाहा. दुधी दिसली तर टो करूनच न्या. स्वच्छ दिसली तरी हवेच्या फिल्टरचा डबा उघडून आत पाणी नाही याची खात्री होईपर्यंत किल्ली फिरवू नका.

चौथी: बाहेरची गळती

रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि टायरची जागा त्यावर पेननं आखा. सकाळी डाग कुठे पडलाय ते दिसेल. काळा-तपकिरी डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा, पाण्यासारखा निव्वळ ओलावा एसीचा.

डागाच्या नेमकं वर दोष असेलच असं नाही. ऑइल वरून खाली ओघळतं आणि धावत्या गाडीतलं वारं ते मागे ढकलतं, त्यामुळे चेंबर ओला दिसला तरी गळती टॅपेट कव्हरची असू शकते. शोध नेहमी वरून खाली घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना ब्रेक क्लीनर आणि फडक्यानं संशयाची जागा कोरडी करा, वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, १०-१५ किलोमीटर चालवून या. पावडरीत पहिली ओली रेघ जिथे उमटते तीच जागा.

पाहायचा क्रम असा: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्ट, चेंबरचा जोड, पुलीमागचं पुढचं क्रँक सील, आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्सच्या बाजूचं मागचं सील. पहिली चार कामं स्वस्त आणि तासाभराची आहेत. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरावा लागतो, म्हणून ते खात्री झाल्याशिवाय कबूल करू नका.

सर्व्हिसनंतर लगेच सुरू झालेली गळती जवळजवळ नेहमी सर्व्हिसचीच असते. ड्रेन बोल्टचं वायसर दर वेळी नवं लागतं. एकदा दाबलेलं वायसर पुन्हा तितकं बसत नाही, मग मेकॅनिक बोल्ट आणखी आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. दुसरी चूक फिल्टरची. जुन्या फिल्टरचं रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्यावरच चढतो. दोन रिंगा एकावर एक टिकत नाहीत, आणि कधी कधी काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर येतं. स्पीडब्रेकरला चेंबर घासला असेल तर चीर किंवा पोचा पाहा. पोचा गळत नसला तरी आतली जाळी दाबली जाऊन ऑइलची वाट अडते.

प्लगच्या विहिरीत ऑइल दिसलं की लोक घाबरतात. ते बहुधा टॅपेट कव्हरखालच्या प्लग-ट्यूबच्या सीलमधून आलेलं असतं, त्याचा रिंगांशी संबंध नाही. मात्र तसंच ठेवलं तर इग्निशन कॉइलचं रबर फुगून मिसफायर सुरू होतो.

पाचवी: पीसीव्ही व्हॉल्व्ह

पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली उतरतोच. तो इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेकडे, परत नेणारा हा लहानसा व्हॉल्व्ह. तो चिकटला तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. उघडा राहिला तर ऑइल हवेबरोबर ओढलं जाऊन जळतं. एकच स्वस्त भाग गळतीचं आणि जळण्याचं, दोन्ही सोंगं घेतो. नवी सीलं घालूनही ती पुन्हा गळत असतील तर पहिला संशय यावरच घ्या.

व्हॉल्व्ह सुटा असेल तर काढून हलवा, आत टिकटिक व्हायला हवी. मग इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण सैल करा आणि तोंडावर कागदाचा तुकडा धरा. कागद हलकाच ओढला गेला किंवा किंचित थरथरला तर ठीक. धाप लागल्यासारखे धुराचे झोत येऊन कागद उडाला तर ते ‘बॅक कॉम्प्रेशन’, म्हणजे रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजल्याची खूण. व्हॉल्व्ह आणि नळ्या साफ करूनही झोत कायम राहिले तरच ती खूण मानायची. हे करताना रेस करू नका, काही इंजिनं तोंडातून गरम ऑइल उडवतात.

सहावी: धूर आणि प्लग

इंजिन गरम असताना घाटाचा लांब उतार गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरा. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि मागे कुणाला तरी पाहायला सांगा. निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबला तर दोष व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर ऑइल अडवणाऱ्या रबराचा. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये ओढ जबर असते आणि ती कडक झालेल्या सीलमधून ऑइल आत खेचते. सतत, जोर लावला की वाढणारा धूर रिंगांकडे बोट दाखवतो. हा फरक खिशाचा आहे. व्हॉल्व्ह सील बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात, रिंगांसाठी इंजिन खोलावंच लागतं.

पेट्रोल गाडीत प्लग काढून क्रमानं मांडा. एकच टोक ओलं-काळं असेल तर दुखणं एका सिलिंडरचं. सगळी सारखी असतील तर पीसीव्ही किंवा सरसकट झीज.

टर्बो गाडीत आधी हवेचा फिल्टर पाहा. तो तुंबला की टर्बोच्या पुढची ओढ वाढते आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल ओढलं जातं. इंटरकूलरच्या नळीत ऑइलचा पातळ थर चालतो, डबकं चालत नाही.

पातळी बरोबर, तरी लाल दिवा

इग्निशन चालू, इंजिन बंद, अशा वेळी हा दिवा लागायलाच हवा. लागत नसेल तर तुमच्याकडे इशाराच नाही, आणि ते जास्त वाईट. दिवा चालताना लागत असेल, तर नवा ऑइल प्रेशर स्विच स्वस्त असतो म्हणून आधी तोच बदलावा असं वाटतं. पण मेकॅनिकल गेजनं दाब मोजल्याशिवाय ‘स्विचच खराब आहे’ असं ठरवून गाडी चालवू नका. स्विच काढून त्याच आट्यांत गेज बसवतात आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला व २,०००-३,००० आरपीएमला आकडा घेतात. ढोबळ नियम दर १,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १० पीएसआय (दाबाचं एकक). नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचा.

इथून पुढे स्वतः करू नका

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) गॅरेजची, पण काय मागायचं ते माहीत असू द्या. पेट्रोल इंजिनात आधी कोरडं वाचन, मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून ओलं वाचन. ऑइलनंतर आकडा ठळक वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलला ही ओली चाचणी करू नये. दोन्ही वाचनं लिहून घ्या. आकडे न दाखवता ‘इंजिन काम करावं लागेल’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्यायला संकोच नको.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या: चालताना लागलेला लाल दिवा जो ऑइल भरूनही विझत नाही, खालून ठोक्यांचा जड आवाज, दुधी पट्टी, ऑइलमध्ये चमकणारे धातूचे कण, गरम सायलेन्सरवर धार लागलेली गळती.

पुन्हा होऊ नये म्हणून

ग्रेड (ऑइलच्या जाडीचा आकडा) मॅन्युअलमधलीच. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ‘गाडी जुनी झाली’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं तर धूर थोडा कमी होतो, पण बारीक वाटांमधून जाड ऑइल सकाळी वरपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते. मॅन्युअलच्या तक्त्यात पर्याय म्हणून दिलेली एक पायरी जाड ग्रेड घ्यायला हरकत नाही. डीपीएफ असेल तर कमी राखेचं, मॅन्युअलमधल्या एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) वर्गाचंच ऑइल घ्या. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो, तिथे चुकीच्या ऑइलनं बेल्ट फुगतो आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात.

मुदत बहुतेक नव्या गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते. छोट्या फेऱ्या, धुळीचा रस्ता, टॅक्सीचा वापर असेल तर ५,००० ते ७,००० ला बदला. ऑइलच्या रिंगा काजळून चिकटण्याचं मोठं कारण लांबवलेली मुदत हेच. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन ‘धुणं’ टाळा. सुटलेला गाळ जाळीत जाऊन बसतो.

ऑइल स्वतः बदलत असाल तर गाडी जॅक-स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. फिल्टरच्या रिंगला ताजं ऑइल लावा, ती टेकल्यावर हातानं पाऊण फेरा, पाना नको. मॅन्युअलच्या मापापेक्षा ३०० मिली कमी भरा, मिनिटभर चालवा, बंद करून थांबा, मग पट्टी पाहून बाकीचं. सर्व्हिसनंतर स्टार्टला खडखड वाढली असेल तर फिल्टरमधली परतझडप (इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरू न देणारी) स्वस्तातली आहे, फिल्टर बदला.

बनावट ऑइल सुटं किंवा जुन्या डब्यात येतं. सील आणि बॅच नंबर पाहा, बिल घ्या, आणि आपला रिकामा डबा भंगारात देण्याआधी खिळ्यानं भोसकून टाका. जुनं ऑइल गटारात किंवा वाळवीसाठी लाकडावर नको. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि त्याचा वारंवार स्पर्श त्वचेला अपायकारक आहे. हातमोजे घाला, बंद डब्यात भरा आणि जुनं ऑइल रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवा.